उघड्या माशीचं पुण्य

वैजापूर रस्त्यावरच्या एका जुन्या वाड्यात, ओसरीच्या भिंतीवर, काळवीटाच्या शिंगांच्या पाच जोड्या टांगलेल्या आहेत. मधली जोडी बावीस इंची. तिच्यावरचे पीळ मोजता यावेत म्हणून लहानपणी आम्हाला स्टुलावर उभं करत. वाड्याचे मालक माझे ज्येष्ठ स्नेही. पंचक्रोशी त्यांना अण्णा म्हणते, मीही म्हणतो. त्या मधल्या जोडीखाली बसून अण्णांनी एक वाक्य माझ्यादेखत शंभरदा तरी उच्चारलं असेल : "सव्वादोनशे पावलांवरून, उघड्या माशीने, एका गोळीत." (माशी म्हणजे बंदुकीच्या नळीच्या टोकावरचा, नेम धरायचा उंचवटा.) आणि त्याला जोडूनच दुसरं : "दुर्बिणीतून मारतात त्याला आम्ही शिकार म्हणत नाही. तो खून."

पहिलं वाक्य म्हणजे आठवण. आठवणीशी कोणी भांडू नये. दुसरं वाक्य म्हणजे सिद्धान्त, आणि तो एकट्या अण्णांचा नाही. शिकारकथांवर पोसलेला वाचक, निवृत्त साहेबलोक, एअर रायफल खांद्याला लावून हिंडणारी तरुण मुलं, सगळ्यांच्या तोंडी तो आहे. उघड्या माशीने मारलेलं हरीण न्यायाने मेलं, दुर्बिणीने मारलेलं अन्यायाने. गेल्या दिवाळीत हेच वाक्य माझ्या एकोणीस वर्षांच्या पुतण्याने मला ऐकवलं. त्याने आयुष्यात जिवंत जनावरावर बंदूक रोखलेली नाही, आणि कायदा शाबूत आहे तोवर रोखणारही नाही. तरी सिद्धान्त तयार! तेव्हा ठरवलं, आता वयाचा मुलाहिजा पुरे. अण्णांची क्षमा मागून हे लिहितो आहे.

आधी माझा पक्ष सांगतो, म्हणजे वाचकांना न्याय करताना अडचण नको. मी उघड्या माशीचा वैरी नाही, भक्त आहे. औरंगाबादेत कॉलेजात असताना एनसीसीत पॉइंट बावीसच्या रायफलीने पंचवीस यार्डांवर पाच गोळ्या झाडल्या आणि त्या पाचही एका रुपयाच्या नाण्याखाली झाकल्या गेल्या, त्या दिवसापासून हा नाद लागला. उन्हात माशी चमकू नये म्हणून कापूर जाळून तिच्यावर काजळी धरणारा माणूस मी आहे. रायफलीवर दुर्बीण मी कधी बसवली नाही, बसवायची इच्छाही नाही. माशीवर प्रेम आहे म्हणूनच तिच्या गळ्यात बांधलेला हा खोटा ताईत मला बघवत नाही.

आता पूर्वपक्ष. प्रतिपक्षाला आधी दुबळा करायचा आणि मग हरवायचा, यात काय पुरुषार्थ? म्हणून तो त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडतो. नळीच्या टोकाशी बारीक उंचवटा, ती माशी. मागे डोळ्याकडे एक खाच. खाचेत माशी, माशीवर जनावर, एवढंच साधन. या साधनाचा शंभर पावलांपलीकडे भरवसा नाही, म्हणून शिकाऱ्याला जवळ जावं लागतं. जवळ जायचं म्हणजे वारा ओळखायचा, ओढ्याच्या काठाने पोटावर सरकायचं, मादीने मान वर केली की दगड होऊन राहायचं. काळवीटाला डोळे आहेत, कान आहेत, ताशी सत्तर-ऐंशी किलोमीटरने पळणारे पाय आहेत. दहापैकी आठ वेळा तेच जिंकतं. हा सामना बरोबरीचा झाला. दुर्बीण आली की सामना उरतच नाही. चारशे मीटरवरून माणूस चाप ओढतो आणि जनावराला मरेपर्यंत पत्ता लागत नाही. शिवाय, म्हणतात, उघड्या माशीच्या पिढीने संयमाने मारलं म्हणून रानं भरलेली होती. नव्या यंत्रांनी ती रिकामी केली. लोखंड दगा देत नाही, काच धुक्याने मळते आणि आपटली की फिरते. आणि सगळ्यात शेवटी थोरांची साक्ष : जिम कॉर्बेटच्या रायफलीवर दुर्बीण होती का?

यातला लोखंडाच्या भरवशाचा मुद्दा मी वाद न घालता सोडून देतो. तो खरा आहे. पण तो हत्याराच्या टिकाऊपणाचा मुद्दा आहे. कुऱ्हाडही टिकाऊ असते. न्याय-अन्यायाशी त्याचा संबंध नाही.

मूळ वाद डोळ्याचा आहे, म्हणून तिथे जरा थांबू या. उघड्या माशीने नेम धरताना डोळ्यासमोर तीन वस्तू असतात : हातभर अंतरावरची खाच, त्यापुढची माशी आणि दूरवरचं जनावर. माणसाचा डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्थिरावतो. त्यामुळे तिन्हींपैकी एक वस्तू स्पष्ट आणि दोन धूसर, हा नियम आहे आणि त्याला अपवाद नाही. चांगला नेमबाज माशी स्पष्ट ठेवतो आणि बाकीचं धूसर होऊ देतो. म्हणजे ज्या क्षणी चाप ओढायचा, त्याच क्षणी शिकाऱ्याला जनावर नीट दिसत नसतं. हे नेमबाजीचं पहिलं सूत्र आहे, माझ्या उस्तादांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलेलं. चाळिशी उलटली की डोळ्यातलं भिंग ताठरतं. मग खाच विरघळते, आणि पुढे माशीही. दुर्बीण या तीन वस्तूंची एक वस्तू करते. फुली आणि लक्ष्य एकाच पातळीवर, दोन्ही स्पष्ट. लोकांना वाटतं दुर्बिणीचा मोठेपणा तिच्या मोठं दाखवण्यात आहे. तो दुय्यम. तिचा खरा उपकार हा.

हिशेबाने बघू. माझ्या एअर रायफलीची माशी दोन मिलिमीटर रुंद आहे आणि खांद्याला लावल्यावर ती डोळ्यापासून ऐंशी सेंटिमीटरवर येते. साधं त्रैराशिक : शंभर मीटरवर ही माशी पंचवीस सेंटिमीटर रुंदीचा पट्टा झाकते, दोनशेवर पन्नास. दुसरा हिशेब याहून वाईट. खाच आणि माशी यांच्यात अर्धा मीटर अंतर धरा. माशी खाचेच्या मध्यापासून अर्धा मिलिमीटर सरकली, म्हणजे वहीच्या पाच कागदांच्या जाडीइतकी, तर शंभर मीटरवर गोळी दहा सेंटिमीटर बाजूला जाते, दोनशेवर वीस. काळवीटाचं हृदय आणि फुप्फुसं ज्या जागेत असतात ती जागा जेमतेम वीतभर. वीतभर जागेत वीस सेंटिमीटरची चूक! मग गोळी कुठे लागेल? पोटात. मांडीत. जबड्यात.

आकडे कागदावरचे म्हणून कोणी झटकून टाकू नयेत, यासाठी डिसेंबरात मी आणि पुतण्याने एक उद्योग केला. फ्रिजच्या खोक्याच्या पुठ्ठ्यातून काळवीट कापलं. खांद्यापाशी ऐंशी सेंटिमीटर उंच, पाठ काळपट, पोट पांढरं, अगदी मापात. अण्णांच्याच शेतात, तुरीच्या कडेला, दोन काठ्यांवर ते उभं केलं आणि टेप धरून पन्नास, शंभर आणि एकशेसत्तर मीटरवर खुणा रोवल्या. एकशेसत्तर का, ते जाणकारांनी ओळखलं असेल : सव्वादोनशे पावलं म्हणजे साधारण तेवढंच. एअर रायफल रिकामी होती. झाडायचं नव्हतं, फक्त बघायचं होतं. पन्नासवर पुतण्या खूश. "काका, खांदा दिसतोय, खांद्यावर माशी बसतेय." शंभरवर तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "माशी ठेवली की पुढचा भाग जातोच सगळा." एकशेसत्तरवर त्याने रायफल खाली घेतली, डोळे चोळले, पुन्हा लावली. तुरीच्या शेंगा वाळलेल्या, पुठ्ठ्याची पाठ काळपट, उन्हं कलती. "तिथे काहीतरी आहे," एवढंच तो सांगू शकला. एकोणीस वर्षांचे डोळे, चष्मा नाही.

इथे माझ्याच पंथातले लोक उठून उभे राहतील. माशीने लक्ष्य झाकायचं नसतं, माशीच्या टोकावर बसवायचं असतं, हे याला ठाऊक नाही काय? ठाऊक आहे. पांढऱ्या कागदावरचं काळं वर्तुळ माशीच्या टोकावर छान बसतं, कारण त्याला कड असते. तुरीत उभ्या असलेल्या हरणाच्या पोटाखाली गवत असतं, सावली असते, आणि मागे त्याच्याच रंगाची तूर. टोक टेकवायचं कशाला?

आणि कागदाची गोष्ट निघालीच आहे तर ऑलिंपिकचा दाखलाही निकालात काढू, कारण तो हमखास पुढे येतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळेने २०२४ मध्ये पॅरिसला पन्नास मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ मिळवलं. त्या स्पर्धेत रायफलीवर दुर्बीण चालत नाही. तिथला दहा गुणांचा ठिपका १०.४ मिलिमीटरचा, आपल्या करंगळीच्या नखाएवढा. मग लोखंडाने नखाएवढं टिपता येतं, तर हरीण का नाही? उत्तर त्या रायफलीतच आहे. तिच्यावर उघडी खाच नसते. मागे सुईच्या छिद्रासारखं बारीक भोक असतं, पुढे बांगडीसारखं कडं. बारीक भोकातून पाहिलं की दूरचं आणि जवळचं दोन्ही बरंच स्पष्ट होतं. चष्मा विसरलेला माणूस मुठीच्या फटीतून पाटी वाचतो, तसंच. अंतर ठरलेलं, उजेड ठरलेला, वाऱ्याच्या झेंड्या लावलेल्या, लक्ष्य जागचं हलत नाही. आणि नऊ पूर्णांक काही लागलं तर कागद कण्हत नाही. कुसळेचं कौशल्य वादातीत आहे. त्या कौशल्यावरून अण्णांच्या खाचेला प्रमाणपत्र देणं हा मात्र तर्काचा अपराध आहे.

आता इतिहासाकडे. 'उघड्या माशीची पिढी संयमी होती' हे विधान ज्या शहराच्या परिसरात केलं जातं, त्या शहराचा इतिहास काय सांगतो? मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी, म्हणजे पुढचं औरंगाबाद, वसवली, तेव्हा दिल्लीच्या तख्तावर जहांगीर होता. हा बादशहा हिशेबाला पक्का. वयाच्या बाराव्या वर्षापासून पन्नासाव्यापर्यंत आपल्यासमोर २८,५३२ जनावरं आणि पक्षी पाडले गेले आणि त्यातले १७,१६७ आपण स्वतःच्या हाताने मारले, हे त्याने आपल्या आठवणींत नोंदवून ठेवलं आहे. त्यात चौपाये ३,२०३, बाकी पक्षी. दुर्बीण? तोड्याची बंदूक होती, बत्ती पेटवून बार काढायची. तिला माशी होती तीही नावापुरती. संयमाचा हा नमुना कोणाला पुरावा म्हणून द्यायचा असेल त्याने खुशाल द्यावा. (जाता जाता : या महापराक्रमी शिकाऱ्याला आयुष्यभर चुकवणारं एकच सावज होतं, आमच्या खडकीचा मलिक अंबर. शेवटी जहांगीरने चित्रकार अबुल हसनकडून एक चित्र काढून घेतलं, त्यात भाल्याच्या टोकावर अंबरचं मस्तक आहे आणि बादशहा त्यावर बाण सोडतो आहे. चित्रातला नेम चुकत नाही.)

पुढे या. २८ एप्रिल १८१९ रोजी अठ्ठाविसाव्या घोडदळाचा जॉन स्मिथ वाघाच्या मागावर अजिंठ्याच्या दरीत उतरला आणि त्याला लेणी दिसली. दहाव्या लेण्यात त्याने आपलं नाव आणि तारीख कोरून ठेवली. त्या दरीत तेव्हा वाघ होता. आज नाही. तो दुर्बिणीने मेला का? मराठवाड्याच्या माळरानांवरचे काळवीटांचे कळप विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कशाने विरळ झाले? निजामी अमलात छावणीतल्या साहेबांनी, जहागीरदारांनी, देशमुखांनी ज्या बंदुका वापरल्या त्या जवळजवळ सगळ्या उघड्या माशीच्या. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराच्या जुन्या जीपगाड्या लिलावात मिळू लागल्या. मग रात्री माळावर जीप, बॉनेटवर दिवा, दिव्यात चमकणारे डोळे आणि वीस-तीस पावलांवरून बार. तेवढ्या अंतरावर माशीच काय, बोट रोखलं तरी पुरतं. देशातले अखेरचे म्हणून ओळखले जाणारे तीन चित्ते १९४७ मध्ये कोरिया संस्थानच्या राजाने असेच रात्री, मोटारीतून जाताना मारले. दिव्याने शिकार संपवली, जीपने संपवली, नांगराने माळ संपवला. दुर्बीण या आरोपपत्रात शोधूनही सापडत नाही. सापडणार कशी? ती या भागात फारशी आलीच नव्हती.

आणि जी 'उघड्या माशीची शिकार' म्हणून आठवली जाते तिच्यातली निम्मी तर माशीची नव्हतीच. गावोगाव पीकसंरक्षणाच्या परवान्यावर होती ती बारा बोअरची दुनळी. तिला मागे खाचच नसते. टोकाला पितळेचा एक मणी, बस. तिच्यात एलजीचं काडतूस भरायचं, म्हणजे वाटाण्याएवढ्या शिशाच्या गोळ्यांचा घोस, आणि कळपाच्या दिशेने सोडायचा. एक पडायचं. दोन लंगडत जायची. लंगडत गेलेल्यांची शिंगं कोणाच्या ओसरीवर नसतात, म्हणून त्यांची गोष्टही कोणी सांगत नाही.

दुर्बीण ही आजकालच्या आळशी पोरांची चैन, असंही अण्णा म्हणतात. तारखा उलट सांगतात. मुंबई लष्करात नोकरी केलेला डेव्हिड डेव्हिडसन नावाचा स्कॉटिश अधिकारी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर रायफलीवर दुर्बीण बसवण्याचा पुरस्कार करत होता. त्याच्या दुर्बिणी व्हिटवर्थ रायफलींवर बसून अमेरिकेच्या यादवी युद्धात वापरल्या गेल्या, म्हणजे १८६१ ते १८६५. कॉर्बेटची प्रसिद्ध पॉइंट २७५ रिग्बी रायफल त्याला मिळाली ती चंपावतच्या वाघिणीला मारल्याबद्दल बक्षीस म्हणून, १९०७ च्या त्या शिकारीनंतर. तेव्हा परंपरेचा मान वयावरून द्यायचा असेल तर तो कोणाला द्यावा लागेल?

कॉर्बेटबद्दल चार शब्द, कारण त्याचं नाव घेतलं की वाद संपतो असा समज आहे. तो उघड्या माशीने मारायचा, खरं. कुठे? कुमाऊँच्या झाडीत, दहा-वीस पावलांवर, समोर नरभक्षक. तिथे दुर्बीण अडचणच करते; वाघ अंगावर येताना भिंगात फक्त पट्टे दिसतील. आणि १९२६ च्या मे महिन्यात रुद्रप्रयागच्या बिबट्यासाठी आंब्यावर रात्री बसला तेव्हा याच कॉर्बेटने रायफलीला विजेची बॅटरी लावली होती. त्याला दिसायला हवं होतं. न दिसण्यात पुण्य आहे हा शोध त्याला लागलेला नव्हता. तो त्याच्या वाचकांना लागला.

उरला बरोबरीच्या सामन्याचा मुद्दा. हा प्रतिपक्षाचा बालेकिल्ला, म्हणून त्यावर घाव जपून घालायला हवा. बरोबरी कशात मोजायची? काळवीट बैलगाडीला भीत नाही. रोज शेतात बघतं. म्हणून दख्खनातले साहेब आणि जहागीरदार बैलगाडीच्या आडोशाने चालत जायचे, गाडी न थांबवता बाजूला गळायचे आणि बार काढायचे. उघड्या माशीने! काळवीटाचा ज्या गोष्टीवर विश्वास होता तिच्याच आड लपून मारलं, आणि माशी उघडी होती म्हणून सामना बरोबरीचा? हाका घालून जनावर मचाणाखाली आणलं, ते बरोबरीचं? फायदा साधनाच्या टोकाशी नव्हताच, तो आधीच घेऊन झाला होता.

याच माळावर एक दुसरा शिकारी होता. फासेपारधी. त्याच्याजवळ बंदूकच नव्हती, तेव्हा माशी उघडी की झाकली हा प्रश्न नव्हता. शिकवलेला बैल पुढे घालून तो कळपाला वळवायचा, ताताचे फास मांडायचा, जवळ जाण्याची विद्या त्याच्याइतकी कोणालाच नव्हती. माग, वारा, चाल, धीर, अण्णांच्या यादीतला प्रत्येक गुण त्याच्यात होता. उघड्या माशीच्या नीतिशास्त्राने त्याला काय दिलं? १८७१ च्या आणि त्यानंतरच्या कायद्यांनी अशा जमातींच्या कपाळावर 'गुन्हेगार' असा शिक्का मारला, आणि रायफलवाला 'स्पोर्ट्समन' ठरला. तेव्हा ज्याला आपण खिलाडूपणाचा नियम म्हणतो तो जनावराला न्याय देण्यासाठी जन्मला, की आपली शिकार आणि दुसऱ्याची चोरी यांत रेघ ओढण्यासाठी? मी उत्तर देत नाही. न्यायासनावर वाचक आहेत.

समजा तरीही कोणी म्हणालं, की साधन कच्चं असलं म्हणजे सावजाला संधी मिळते. कसली संधी? नेम पूर्ण चुकला तर संधी, मान्य. पण कच्चं साधन बहुतेक वेळा पूर्ण चुकत नाही, अर्धं चुकतं. पोटात गोळी घेऊन काळवीट दोन कोस जातं, उसात शिरतं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मरतं. जुन्या शिकाऱ्यांचा एक दंडक होता : जखमी जनावराचा माग सोडायचा नाही, रात्र झाली तरी. त्या दंडकाचं कौतुक मीही करतो. पण दंडक का लागतो? जी गोष्ट क्वचित घडते तिच्यासाठी कोणी दंडक घालत नाही. शिकारकथांची पानंच्या पानं रक्ताच्या मागाने भरलेली आहेत, ती त्या कच्च्या साधनाचीच कबुली आहे. खाटकाने सुरी बोथट ठेवली म्हणून बोकडावर उपकार होत नाहीत.

माझ्याही पक्षात एक छिद्र आहे, ते लपवत नाही. दुर्बीण मोह घालते. चारपट दुर्बिणीतून दोनशे मीटरवरचं जनावर पन्नासवर उभं असल्यासारखं दिसतं. मग तीनशेवर का नको, चारशेवर का नको? गोळी तितक्या अंतरावर किती खाली येते, वारा तिला किती ढकलतो, हे दुर्बीण सांगत नाही. साध्या दुर्बिणीत अंतर दिसत नाही, फक्त हरीण दिसतं. परदेशात जिथे शिकार कायदेशीर आहे तिथे या मोहापायी जनावरं जखमी होतात, आणि ते पाप दुर्बिणीच्या खात्यावर मांडायलाच हवं. पण उपाय काय? अंतराची मर्यादा माणसाने स्वतःला घालावी. शंभरच्या पुढे नाही म्हणजे नाही. ती मर्यादा घालण्याचं काम स्वतःच्या धूसर नजरेवर सोपवायचं आणि वर त्याला संयम म्हणायचं, हे मला पटत नाही. आणि धूसरपणा मर्यादा घालतो तरी कुठे? तो घालत असता तर 'सव्वादोनशे पावलं' हे वाक्य अभिमानाने कसं उच्चारलं गेलं असतं?

कोणी विचारेल, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली, काळवीट आणि चिंकारा पहिल्या अनुसूचीत गेले, मग ही मेलेली भांडणं कशाला उकरता? दोन कारणं आहेत. एक म्हणजे आज या जिल्ह्यात चोरून जे मारतात त्यांच्या हातातली ठासणीची गावठी बंदूक उघड्याच माशीची असते. 'उघडी माशी म्हणजे न्याय' हे सूत्र खरं मानलं तर त्यांनाही त्याचा लाभ द्यावा लागेल. दुसरं कारण शेतकऱ्याचं. मक्यात रोही आणि रानडुकरं घुसतात, आणि कायद्याच्या चौकटीत, परवानगीने, काही जनावरं मारण्याचा प्रश्न वनखात्यापुढे येतच असतो. मारावं की नाही हा वेगळा आणि मोठा वाद. पण मारायचंच ठरलं, तर रोह्याच्या मानेत एकच गोळी जावी यासाठी मारणाऱ्याला स्पष्ट दिसलं पाहिजे, की त्याच्या मर्दपणाची परीक्षा झाली पाहिजे? ज्या मादीच्या पोटात गोळी अडकणार आहे तिच्या बाजूने विचार करून सांगा.

पुठ्ठ्याचं काळवीट शेतात उभं होतं त्या संध्याकाळी अण्णा स्वतः काठी टेकत बांधावर आले. वय अठ्ठ्याऐंशी. मी त्यांना एकशेसत्तरच्या खुणेवर खुर्ची दिली आणि रायफल हातात दिली. त्यांनी आधी ती उघडून नळी रिकामी आहे का ते पाहिलं. ही सवय त्यांनीच मला लावली. मग दस्ता खांद्याला लागला आणि पाठ एकदम सरळ झाली. ते दृश्य सुंदर होतं, ते मी नाकारणार नाही. बराच वेळ त्यांनी शिस्त धरली. नळी तसूभर हलली नाही.

"तोंड कुणीकडे आहे रे त्याचं?" त्यांनी विचारलं.

"डावीकडे, अण्णा."

पुतण्या आमच्याकडे बघत होता. अण्णांनी रायफल मांडीवर घेतली आणि माशीवरून अंगठा फिरवला. काजळी लागली, ती धोतराला पुसली.

"मधल्या जोडीवाल्याला दुसरी गोळी घालावी लागली होती," ते म्हणाले. "तिसऱ्या दिवशी. शिवना नदीच्या खोंगळीत सापडलं."